सासऱ्यांची जीप, सुनेच्या पाटल्या

लोणच्याला बुरशी का धरते, स्वेटरचा गळा सैल का पडतो, असे प्रश्न आपल्या टपालात नेहमीचेच. या आठवड्यात मात्र बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारहून एका भगिनीचं चार पानी पत्र आलं, आणि विषय निघाला जीपगाडीचा! आधी मला हसू आलं. पत्र संपेतो ते मावळलं. कारण जीपच्या जागी पडका वाडा, विहिरीवरचं इंजिन किंवा बंद पडलेली पिठाची गिरणी ठेवून पाहा; ही गोष्ट आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरची आहे.

हकिगत अशी. जीप सासऱ्यांनी घेतलेली, महिंद्राची, नोंदणी १९६८ सालची. १९७२ च्या दुष्काळात तिच्यातून पाण्याची पिंपं आली. पुढे कितीतरी अडलेल्या बाळंतिणी रात्री-अपरात्री तिच्यातूनच बीडच्या दवाखान्यात गेल्या. दसरा-दिवाळीच्या सुमाराला घरोघरची धडधाकट माणसं ऊसतोडीला निघून गेली, की मागे राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना तिचाच आधार. मध्यंतरी पेट्रोल परवडेना म्हणून तिला डिझेलचं इंजिन बसवलं. सासरे जाऊन आता दोन वर्षं झाली. जीप त्याच्याही आधीपासून गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभी आहे आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालतात. तरी दर दसऱ्याला या ताई तिला हळदीकुंकू लावून झेंडूचा हार घालतात.

आता यजमानांनी मनावर घेतलंय, जीप दुरुस्त करायचीच. मिस्त्रीनं दीड लाखाचा आकडा सांगितलाय. पुण्याचे थोरले दीर म्हणतात, "बाबांची आठवण आहे, विकायचं नाव काढू नका." पण पैशांचा विषय निघाला की ते फोन ठेवतात. भंगारवाला दोनदा दारावर येऊन गेला. मग पैसा उभा कुठून करायचा? तर ताईंच्या माहेरच्या पाटल्या गहाण ठेवून! त्याच पाटल्यांच्या भरवशावर मुलीला नर्सिंगला घालायचं त्यांनी ठरवलं होतं. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, "मी नाही म्हटलं तर सासऱ्यांची आठवण पुसणारी सून ठरेन का?"

नाही, ताई. मुळीच नाही. पण 'नाही' म्हणण्याआधी थोडी चौकशी करू या. जीप वाचवण्यासारखी असेल तर तीही वाचावी, आणि पाटल्याही राहाव्यात.

आधी ही वस्तू आहे तरी काय, ते बघा. स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्याकडे मोटारी घडत नव्हत्या, जोडल्या जात होत्या. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात परदेशाहून आलेल्या सुट्या भागांच्या संचांतून मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. महिंद्रा कंपनी १९४५ ची. तिनेही अमेरिकेतल्या विलिस कंपनीच्या जीपचे सुटे भाग मागवून ते मुंबईत जोडण्यापासून सुरुवात केली. हळूहळू एकेक भाग इथेच होऊ लागला. एवढा इतिहास सांगायचं कारण असं, की जी वस्तू नटबोल्टांनी जोडलेली आहे ती उकलून पुन्हा जोडता येते. शिवाय याच जातीच्या जीपा महिंद्राने पुढे कित्येक दशकं बनवल्या, त्यामुळे त्यांचे भाग मिळतात. म्हणजे 'दुरुस्त होईल का?' हा खरा प्रश्न नाहीच. बहुतेक सगळं दुरुस्त होतं. कशासाठी करायचं आणि पैसा कुणाचा, हे दोन प्रश्न खरे.

मिस्त्रीला एक पैसाही देण्याआधी एक दिवस काढून यजमानांना सोबत घ्या आणि जीप नीट तपासा. यात बायकांना कळण्यासारखं काय, असं म्हणू नका. शिलाई मशीन उघडून तेल घालणाऱ्या आपण!

पहिली पाहायची ती चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. पाटे जिथे अडकवलेले असतात तिथे लहान हातोडीनं ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर बरं. भद्द आवाज आला किंवा गंजाचे पापुद्रे गळाले, तर तिथूनच खर्चाला तोंड फुटतं. वरचा पत्रा कुजला तर बदलता येतो, सांगाडा गेला तर मात्र सगळंच गेलं म्हणायचं. दुसरं म्हणजे इंजिन जाम झालंय का. गाडी न्यूट्रलला ठेवून ते हातानं हळू फिरवून पाहायला मिस्त्रीला सांगा. फिरत नसेल तर जोर करू नये; आत थोडं तेल सोडून दोन दिवस थांबावं. एकदम बॅटरी लावून सुरू करण्याची घाई केली तर बरं असलेलं इंजिनही बिघडतं. टाकीतलं जुनं तेल आधी काढून टाकायचं. वायरी उंदरांनी कुरतडल्यात का, टायरना भेगा पडल्यात का, हे तर नुसत्या डोळ्यांनी दिसतं. ब्रेकचे रबरी वायसर इतकी वर्षं उभ्या गाडीत हमखास खराब होतात.

मग मिस्त्रीकडून आकडा तीन भागांत लिहून घ्या: थांबण्याचा खर्च, चालण्याचा खर्च आणि दिसण्याचा खर्च. आधी ब्रेक आणि स्टिअरिंग, मग इंजिन, रंग सगळ्यात शेवटी. पुष्कळदा उलटं होतं. रंग आणि गाद्यांवर पैसा जातो, फोटो निघतात, आणि गाडी पुन्हा पत्र्याखाली जाऊन उभी राहते. तुमच्या दीड लाखात रंगाचे किती, हे एकदा विचाराच.

आता कागद. सासऱ्यांचं आर. सी. बुक पेटीतून काढा. मोटारमालक वारला की वारसाने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला तसं कळवायचं आणि तीन महिन्यांत गाडी नावावर करण्यासाठी ३१ नंबरच्या फॉर्मवर अर्ज करायचा, असा नियम आहे. तुमची मुदत टळून गेली आहे. तरी अर्ज करता येतो, थोडा दंड पडतो इतकंच. १५ वर्षं झाली की गाडी आपोआप बाद होते, हा मात्र गैरसमज. तपासणीत गाडी योग्य ठरली तर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. फी आता बरीच वाढली आहे. २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारींसाठी ती १०,००० रुपये झाली, शिवाय पर्यावरण कर आणि विमा वेगळा. दर बदलत असतात, तेव्हा बीडच्या कार्यालयात विचारूनच हिशेब मांडा. आणि बुकात 'डिझेल' अशी नोंद आहे का, हे आवर्जून पाहा. इंजिन बदललं पण नोंद केली नाही, असं असेल तर आधी तो गुंता सोडवावा लागेल.

तुमच्या यजमानांना कुणीतरी सांगितलंय, की 'व्हिंटेज'मध्ये नोंद केली की सगळं सोपं होतं. २०२१ साली तसे वेगळे नियम झाले, हे खरं. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या गाड्यांना ते लागू आहेत. नवी नोंदणी २०,००० रुपयांत दहा वर्षांसाठी, पुढे नूतनीकरणाला ५,०००. पण त्यात दोन अटी आहेत. गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. तुमच्या जीपचं इंजिनच बदललंय, म्हणजे ती वाट बहुधा बंद. दुसरं म्हणजे अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशाच कामांपुरती रस्त्यावर आणता येते. शेतावर खत न्यायला आणि बाजारहाटाला जीप हवी, असं यजमान म्हणतात ना? मग व्हिंटेजचा तुम्हाला उपयोग तरी काय?

एक इशारा देऊन ठेवते. शेवटी मोडीत घालायची ठरली, तरी दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. गाडी त्याच्याकडे आणि बुकावर नाव सासऱ्यांचं, असं झालं की उद्या तिच्या नंबराचं कुणी काय करील, सांगता येत नाही. सरकारमान्य मोडणी केंद्रात द्या. तिथे गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं, आणि ते दाखवून नोंदणी रद्द करून घ्यायची.

आता घरातल्या माणसांविषयी. ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात यजमान आहेत, दीर आहेत, मिस्त्री आहे, भंगारवालासुद्धा आहे. सासूबाई मात्र एकाच वाक्यात येतात: "त्या काही बोलत नाहीत." आणि "नणंद पाथर्डीला दिलेली आहे" एवढंच. जीप कुणाची, तर सासऱ्यांनी मृत्युपत्र केलं नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नीची आणि सगळ्या मुलामुलींची, सारख्या हिश्श्यानं. सासूबाई आणि नणंदबाई यांचाही वाटा तुमच्या यजमानांइतकाच आहे. गाडी एकाच्या नावावर करायची तरी बाकीच्यांची संमती लेखी लागते. तेव्हा त्यांना विचारणं हा उपकार नव्हे. एका दुपारी चहा घेऊन सासूबाईंपाशी बसा आणि सरळ विचारा, "आत्याबाई, तुमच्या मनात काय आहे?" त्या जे सांगतील ते पुण्याच्या फोनपेक्षा मोलाचं असेल.

मग चौघांना एकत्र बसवा आणि तीन भागांचा तो कागद मधोमध ठेवा. आठवण चौघांची, तर खर्चही चौघांचा. ज्याला जीप हवी त्यानं आपला वाटा घालावा. ज्याला घालायचा नाही, त्यानं 'विकू नका' असं म्हणू नये. यात भांडणाचं काही नाही. उलट न बोलता धुमसत राहिल्यानं भावाभावांत अंतर पडतं.

आणि पाटल्या. त्या माहेरच्या, म्हणजे स्त्रीधन. स्त्रीधनावर बाईचा पूर्ण हक्क असतो आणि पती-पत्नीची ती सामाईक मालमत्ता होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२४ सालीही स्पष्ट केलंय. घरात आजारपण आलं, लेकीची फी भरायची वेळ आली, तर आपण स्वतःहून पाटल्या उतरवून देतो. कुणी सांगावंही लागत नाही. पण उभ्या गाडीसाठी नको. जीप एक वर्ष थांबू शकते, मुलीच्या प्रवेशाची तारीख थांबत नाही. यजमानांना हे रागानं सांगू नका. "जीपला माझा विरोध नाही, पाटल्यांना हात लावू नका," एवढं एकच वाक्य पुरे. ते वडिलांची आठवण काढतायत, तुमच्याशी वैर करत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. बापाची गाडी गंजताना पाहणं मुलाला सोपं नसतं.

वस्तू हातातून गेली की आठवणही गेली, असं मनात येत असेल तर सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार आठवा. त्यांनी भंगारातले भाग जोडून, किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी मुलासाठी स्वतःच्या हातांनी बनवली. ती पाहून आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाच्या दारात आली. स्वतः घडवलेली गाडी त्यांनी दिली. म्हणून ती त्यांची राहिली नाही का? आजही ती गाडी लोहारांचीच म्हणून ओळखली जाते.

माझं मत विचाराल तर असं. सांगाडा खणखणीत निघाला, चौघांनी वाटा उचलला आणि शेतीला गाडीचा खराच उपयोग असला, तर दुरुस्त करा. पण टप्प्याटप्प्यानं, आणि पहिल्या वर्षी रंगाचं नाव नको. यातलं एकही जमत नसेल तर जीपची खरी हौस असलेला, तिला चालती ठेवणारा माणूस शोधा आणि कागद पुरे करून त्याला द्या. सांगाडाच गेला असेल तर मोडणी केंद्र. जीप कुठेही गेली तरी तिचा एक छानसा फोटो काढून घ्या, इंजिन फिरवायचं जुनं हँडल घरात असेल तर ते पुसून ठेवा, आणि दुष्काळातल्या त्या फेऱ्यांची हकिगत सासूबाईंकडून वहीत उतरवून घ्या. हे काम तुमच्या मुलीला सांगा. आजोबा तिला त्या वहीतून कळतील.

फक्त एक करू नका. नुसतं 'बघू' म्हणत आणखी एक पावसाळा जाऊ देऊ नका. उभी गाडी दर पावसात थोडी थोडी मरते, आणि तिच्याबरोबर किंमतही उतरते. येत्या दसऱ्याची तारीख धरा. त्या दिवशी हार घालाल तेव्हा जीपचं काय करायचं हे ठरलेलं असू द्या, आणि ओवाळताना पाटल्या तुमच्या हातात असू द्यात.

काय ठरलं ते कळवा हं, ताई. आणि मैत्रिणींनो, तुमच्याही घरी पत्र्याखाली असं काही उभं असेल, तर जरूर लिहा.