उपाध्यक्षपदाचा आकडा

कमला हॅरिस यांचे ‘१०७ डेज’ हे पुस्तक सप्टेंबर २०२५ मध्ये बाजारात आले आणि अमेरिकी राजकीय पंडितांची वर्षभरापूर्वीची मेहनत पाण्यात गेल्याचे उघड झाले. २०२४ च्या जुलैअखेरीस हॅरिस उपाध्यक्षपदासाठी कोणाला सोबत घेणार, यावर दोन आठवडे वृत्तवाहिन्यांनी रात्रीचा दिवस केला होता. पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शापिरो, अ‍ॅरिझोनाचे सिनेटर मार्क केली आणि मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ या तीन नावांवर बहुतेकांनी आकडा लावला होता. हॅरिस आता सांगतात, पहिली पसंती होती तत्कालीन वाहतूकमंत्री पीट बुटिजेज यांना! पण कृष्णवर्णीय स्त्री, तिचा ज्यू नवरा आणि जोडीला समलिंगी उपाध्यक्ष, एवढे सगळे मतदारांच्या एकदम पचनी पडणार नाही, या धास्तीने त्यांनी ते नाव बाजूला ठेवले. शापिरोंविषयी त्या लिहितात की, उपाध्यक्षांच्या बंगल्यात झोपण्याच्या खोल्या किती, याचीही चौकशी त्यांनी आधीच करून ठेवली होती. शापिरोंनी हे साफ झटकून टाकले. शेवटी आले वॉल्झ. निवडणूक गेली, पेनसिल्व्हेनियाची १९ प्रतिनिधी-मतेही (अध्यक्ष ठरतो तो याच मतांवर) गेली, आणि ‘शापिरोंना घेतले असते तर?’ हा तर्काचा नवा हंगाम सुरू झाला.

दर चार वर्षांनी उन्हाळ्यात रंगणारा हा खेळ खेळणाऱ्यांना हरण्याची लाज वाटत नाही. २००४ च्या ६ जुलैला ‘न्यूयॉर्क पोस्ट’ने पहिल्या पानावर ठणकावून छापले की, जॉन केरी यांनी डिक गेपहार्ट यांची निवड केली आहे. त्याच दिवशी केरींनी नाव जाहीर केले ते जॉन एडवर्ड्स यांचे. बातमी खरी ठरली ती विमान दुरुस्ती करणाऱ्यांच्या गोटातली. आदल्या रात्री पिट्सबर्गच्या हँगरमध्ये केरींच्या विमानावर एडवर्ड्स यांचे नाव चिकटवले जात होते, ते कोणाच्या तरी नजरेस पडले होते. पुढे उमेदवारही सावध झाले. २०१२ मध्ये मिट रॉम्नी यांनी निवडलेले पॉल रायन घरासमोर ताटकळणाऱ्या पत्रकारांना चुकवून मागच्या रानातून पसार झाले. एवढ्या गुप्ततेनंतर नॉरफोकच्या भर सभेत रॉम्नींनी त्यांची ओळख करून दिली ती ‘अमेरिकेचे पुढचे अध्यक्ष’ अशी.

अंदाज बांधणाऱ्यांचे मुख्य हत्यार म्हणजे राज्याचे गणित. उमेदवार उत्तरेचा तर जोडीदार दक्षिणेचा, हा शहरी तर तो शेतीवाडीचा, म्हणजे त्या बाजूची मते आपोआप झोळीत. या गणिताच्या समर्थनार्थ दाखला दिला जातो तो १९६० चा: मॅसॅच्युसेट्सच्या केनेडींनी टेक्ससचे लिंडन जॉन्सन घेतले आणि टेक्सस जिंकले. नंतरच्या उत्तरपत्रिका मात्र फारशा कोणी तपासत नाही. १९८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्याच मायकेल डुकाकिस यांनी टेक्ससच्याच लॉइड बेन्टसन यांना घेऊन तोच प्रयोग लावला. टेक्ससचा कायदा एकाच वेळी दोन पदांना उभे राहू देतो. तो केला गेला होता जॉन्सन यांच्याच सोयीसाठी. मतदारांनी बेन्टसन यांना सिनेटवर पुन्हा पाठवले आणि डुकाकिस यांना घरी. एडवर्ड्स यांचे नॉर्थ कॅरोलायना केरींना मिळाले नाही, रायन यांचे विस्कॉन्सिन रॉम्नींना मिळाले नाही. २००० मध्ये तर खुद्द अध्यक्षपदाचे उमेदवार अल गोर आपले टेनेसी राखू शकले नाहीत. मग जोडीदाराने आपले राज्य आणून द्यावे, ही अपेक्षा जरा जास्तच.

त्याच वर्षी दुसऱ्या बाजूला जे घडले, त्याला तोड नाही. जॉर्ज बुश यांनी उपाध्यक्ष शोधण्याचे काम डिक चेनी यांच्यावर सोपवले. चेनींनी उमेदवारांची कागदपत्रे मागवली, चाळली आणि अखेर सापडले ते स्वतःच. अडचण एकच होती. दोघेही टेक्ससचे रहिवासी, आणि राज्यघटनेच्या १२ व्या दुरुस्तीनुसार कोणत्याही राज्याच्या प्रतिनिधींना अध्यक्ष आणि उपाध्यक्ष या दोन्ही पदांसाठी आपल्याच राज्याच्या माणसांना मते देता येत नाहीत. चेनींनी जुलैमध्ये आपली मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली. टेक्ससची मते होती ३२, आणि ही जोडी जिंकली २७१ विरुद्ध २६६ अशी. तो अर्ज भरला नसता तर उपाध्यक्षपद अधांतरी राहिले असते!

इतरांची छाननी एवढी सुखाची नसते. १९७२ मध्ये जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी टॉमस ईगलटन यांना घाईघाईत निवडले. नैराश्यावर त्यांना विजेच्या झटक्यांचे उपचार घ्यावे लागल्याचे बाहेर आले आणि १८ दिवसांत त्यांचे नाव मागे घ्यावे लागले. तेव्हापासून वकिलांच्या फौजा इच्छुकांची करविवरणे आणि जुनी भाषणे उकरत बसतात. साउथ डकोटाच्या गव्हर्नर क्रिस्टी नोएम यांनी २०२४ मध्ये त्यांचे कष्ट वाचवले. ट्रम्प यांच्या जोडीदाराची चर्चा ऐन भरात असताना त्यांनी स्वतःच्याच पुस्तकात, आपण १४ महिन्यांच्या कुत्रीला गोळी घातल्याचे सविस्तर लिहिले. उपाध्यक्षपदाच्या यादीतून त्यांचे नाव वाहिन्यांनी त्याच आठवड्यात काढून टाकले. ट्रम्प यांनी पुढे त्यांना गृहसुरक्षा मंत्री केले.

या धामधुमीत एक प्रश्न शेवटच्या रांगेत उभा असतो: या माणसावर उद्या देश चालवण्याची वेळ आली तर? आजवरच्या ५० उपाध्यक्षांपैकी १५ जण अध्यक्ष झाले. त्यांतले ९ जण आधीच्या अध्यक्षाच्या मृत्यूमुळे किंवा राजीनाम्यामुळे. १९०० साली न्यूयॉर्कचे पक्षधुरीण टॉमस प्लॅट यांना डोईजड झालेले गव्हर्नर थिओडोर रूझवेल्ट राज्याबाहेर घालवायचे होते, म्हणून त्यांना उपाध्यक्षपदावर ढकलण्यात आले. शपथविधीला सात महिनेही झाले नव्हते तोच अध्यक्ष मॅकिन्ली यांचा खून झाला आणि अडगळीत टाकलेला गृहस्थ व्हाइट हाऊसमध्ये आला. हॅरी ट्रूमन उपाध्यक्षपदावर होते अवघे ८२ दिवस. अणुबाँबचे काम किती पुढे गेले आहे, हे त्यांना नीट समजले ते अध्यक्ष झाल्यानंतर.

१३ जुलै २०२४ रोजी बटलर येथील सभेत ट्रम्प यांच्या कानाला गोळी चाटून गेली. दोन दिवसांनी त्यांनी जे. डी. व्हान्स यांचे नाव जाहीर केले: वय ३९, सिनेटचा अनुभव दीड वर्षाचा. देश चालवण्याचा तो प्रश्न विचारण्याची याहून योग्य वेळ कोणती? चर्चा झाली ती व्हान्स यांनी पूर्वी ट्रम्प यांना काय काय नावे ठेवली होती याची, आणि त्यांच्या ओहायोची. ओहायो ट्रम्प यांच्या खिशात आधीपासूनच होते. आपल्याकडच्या वाहिन्याही मागे राहिल्या नाहीत. हॅरिस यांच्या आजोळच्या गावात, तमिळनाडूतल्या तुलसेंद्रपुरममध्ये पूजा सुरू होत्याच. आता व्हान्स यांच्या पत्नी उषा यांचे मूळ आंध्रातल्या वडलूरूचे म्हणून कॅमेरे तिकडेही पोहोचले.

आता २०२८ साठी व्हान्स यांच्याच नावाची चर्चा आहे, अर्थात वरच्या जागेसाठी, आणि खालच्या जागेसाठी मार्को रुबिओ यांचे नाव घेतले जाते. २०२४ मध्ये रुबिओ ट्रम्प यांच्या यादीत होते, पण दोघेही फ्लोरिडाचे. म्हणजे पुन्हा १२ वी दुरुस्ती आणि पुन्हा बिऱ्हाड हलवणे. व्हान्स ओहायोचे असल्याने ही जोडी जमली तर रुबिओंना निदान पत्ता बदलावा लागणार नाही. सध्याच्या सगळ्या अंदाजांत खात्रीने सांगता येईल असे एवढेच आहे.