खेळून पोट भरेल काय?

देवासहून एका वाचक भगिनीने आम्हांस पत्र पाठविले आहे. त्यांचे चिरंजीव महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात शिकत असून बास्केटबॉलच्या खेळात त्यांनी बरेच नाव मिळविले आहे. आता एक मध्यस्थ त्यांस सांगत आहे की, शिक्षण सोडा व परदेशी संघात पगारी खेळाडू म्हणून चला. "मुलाचे मन मोडवत नाही आणि होकार देण्यास धीर होत नाही," असे ती माउली लिहिते. हा प्रश्न एकाच घरचा नसल्याने त्याचे उत्तर येथे देणे आम्हांस उचित वाटते.

या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यांच्याच गावच्या इतिहासात आहे. धार आणि देवास ही माळव्यातील पवारांची संस्थाने. देवासच्या थोरल्या पातीचे महाराज विक्रमसिंहराव यांच्या पदरी सांगलीच्या एका शाळामास्तरांचा मुलगा होता. तेच विजय हजारे. 1915 साली एका ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ऑस्ट्रेलियाचे नामांकित गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांस लाभले. ते मध्य हिंदुस्थानच्या संघातून खेळले आणि पुढे बडोदे संस्थानाच्या सेवेत गेले. 1948 च्या जानेवारीत ॲडलेड येथे एकाच कसोटीत त्यांनी 116 आणि 145 धावा काढल्या.

हेच हजारे 1949 साली इंग्लंडमधील लँकशायर परगण्यात रॉटनस्टॉल क्लबाचे पगारी खेळाडू झाले. तेथे प्रत्येक क्लबात पगारी खेळाडू एकच असे. बाकीचे गिरण्यांत वा दुकानांत काम करून सुटीच्या दिवशी खेळणारे. सामन्याचा सारा भार त्या एकट्यावर. पण वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. हजारे परदेशी गेले तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते. हातात कसब पक्के होते, नाव झाले होते. त्याआधीच्या उमेदवारीच्या काळात राजाश्रयाने त्यांस सांभाळले होते. आज संस्थाने राहिली नाहीत. आजच्या मुलास आश्रय असतो तो कराराचा, आणि करार मुदत संपताच संपतो.

करार कसा बांधून टाकतो, हेही त्याच काळात दिसले. 1952 साली हजारे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. विनू मंकड यांनी संघातील निवडीची हमी मागितली होती. ती न मिळाल्याने त्यांनी हॅसलिंग्डन क्लबाशी करार केला. लीड्सच्या पहिल्या कसोटीत आपल्या दुसऱ्या डावाचे पहिले चार गडी एकही धाव न होता बाद झाले, आणि मग मंकडांस सोडवून आणण्याची धावपळ झाली. लॉर्ड्सवर त्यांनी 72 आणि 184 धावा काढल्या खऱ्या. परंतु एवढ्या मोठ्या खेळाडूसदेखील देशासाठी खेळण्यास आधी क्लबाची मोकळीक घ्यावी लागली!

आता बास्केटबॉलकडे वळू. अमेरिकेतील मोठ्या व्यावसायिक संघटनेने 2005 साली नियम केला की, एकोणीस वर्षे पूर्ण होण्याआधी व शाळा सुटून एक वर्ष होण्याआधी तेथील मुलास घ्यावयाचे नाही. तेव्हा 2008 साली ब्रँडन जेनिंग्ज हा तरुण महाविद्यालयात न जाता रोमच्या संघात गेला. पुढल्याच वर्षी अमेरिकेच्या मोठ्या संघाने त्यास निवडले. जेरेमी टायलर 2009 साली शाळा अर्धवट टाकून इस्राएलला गेला. हंगाम संपण्याआधीच त्यास परतावे लागले. यश आणि निराशा दोन्ही त्याच वाटेवर आहेत.

आपल्या पंजाबातील बल्लोके गावचा सतनाम सिंग चौदाव्या वर्षी अमेरिकेस गेला. 2015 साली डॅलसच्या संघाने त्याची निवड केली. भारतात जन्मलेला असा तो पहिलाच. पण मुख्य संघाच्या एकाही सामन्यात त्यास उतरता आले नाही. पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. गुणी मुलाची वाटही किती अरुंद असते, ते यावरून कळावे.

मग मुलास अडवावे काय? आमचे मत तसे नाही. त्रिनिदादचे लिअरी कॉन्स्टंटाइन 1929 साली लँकशायरमधील नेल्सन क्लबात पगारी खेळाडू म्हणून आले. खेळ सरला, पण त्यांनी कायद्याचा अभ्यास सोडला नाही. 1954 साली ते बॅरिस्टर झाले आणि 1969 साली ब्रिटनच्या उमरावांच्या सभागृहात बसले. खेळाने त्यांस दार उघडून दिले. आत टिकविले ते विद्येने.

म्हणून त्या भगिनीस आमचे सांगणे असे. मध्यस्थाच्या तोंडी शब्दावर विसंबू नका. करार वकिलाकडून वाचून घ्या. दुखापत झाल्यास उपचाराचा खर्च कोणाचा, पगार चालू राहील की नाही, परतीचे भाडे कोण देणार, मध्यस्थाचा वाटा किती, हे लेखी मागा. जो हे लिहून देण्यास कचरतो, त्याच्या हाती मुलगा देऊ नये. आणखी एक वर्ष थांबून पदवी पदरात पडत असेल तर थांबावे. तशी सवड नसेलच, तर मुक्त विद्यापीठात नाव घालून अभ्यास चालू ठेवावा.

आणि मुलाशी रागावून बोलू नका. त्याचा खेळ पाहण्यास एकदा मैदानावर जा. आपल्या गुणाचे घरी कौतुक आहे, हे ज्यास ठाऊक असते, तो मुलगा आईचा सल्लाही अधिक मनापासून ऐकतो.