कोलोनचे सोवळे

परदेशवारी करून आलेल्या आपल्याकडच्या काही मंडळींत हल्ली एक नवेच सोवळे शिरले आहे. इंग्रजीत बोलताना कुणी 'म्युनिक' म्हटले की यांच्या कपाळाला आठी पडते. "म्युनिक नव्हे हो, म्युन्शेन!" 'कोलोन' म्हटले की "क्योल्न!" जर्मन माणसाशी जर्मन बोलताना ते असे म्हणतील, तर मी त्यांची पाठ थोपटीन. पण वाक्य इंग्रजी, ऐकणारा मराठी आणि मधेच एक शब्द तेवढा जर्मन, हा काय प्रकार आहे? माझे म्हणणे सरळ आहे. ज्या भाषेत वाक्य लिहायचे, त्या भाषेत रुळलेले नाव हेच त्या वाक्यातले शुद्ध नाव.

हे सोवळे दिवाणखान्यातल्या गप्पांपुरते असते, तर मी लेखणी उचलली नसती. पण आमच्या शेजारच्या एका मुलीने शाळेतल्या इंग्रजी निबंधात कोलोनच्या कॅथीड्रलवर चांगल्या चार ओळी लिहिल्या, तर बाईंनी 'कोलोन' या शब्दाभोवती तांबडे वर्तुळ काढून अर्धा गुण कापला आणि शेजारी जर्मन नाव लिहिले. तेही 'ओ' या अक्षरावरची दोन टिंबे गाळून! पोरगी बिचारी हिरमुसली. बरोबर लिहिलेल्या शब्दाला चूक म्हणायचे आणि त्याच्या जागी खरोखरीची चूक लिहायची, ही शुद्धीची तऱ्हा मला नवीन होती.

त्या टिंबांना कुणी नक्षी समजू नये. आपल्या काना-मात्रेइतकीच ती कामाची आहेत. जर्मनमध्ये 'शोन' म्हणजे 'आधीच', आणि त्याच 'ओ'वर टिंबे दिली की 'श्योन', म्हणजे 'सुंदर'. टिंबे छापण्याची सोय नसेल तर जर्मन माणूस त्या अक्षरापुढे 'ई' जोडतो, नुसती गाळीत नाही. तेव्हा बाईंनी लिहिलेला शब्द जर्मनही नव्हे आणि इंग्रजीही नव्हे. 'म्युन्शेन'चीही तीच कथा. त्यातला 'शे' हा आपला 'श' नव्हे, 'ख'ही नव्हे. तो ध्वनी मराठीत नाहीच. म्हणजे सोवळे नेसले, पण कासोटा सुटलेलाच!

शिवाय कोलोन हे नाव इंग्रजांनी काही मोडतोड करून बनवलेले नाही. इ. स. 50 मध्ये, क्लॉडियस बादशहाच्या कारकिर्दीत, त्याची राणी आग्रिपिना हिच्या या जन्मगावाला रोमन वसाहतीचा दर्जा मिळाला. वसाहत म्हणजे लॅटिनमध्ये 'कोलोनिया'. फ्रेंचांनी त्याचे 'कोलोन्य' केले आणि इंग्रजांनी ते उचलले. मूळच्या नावाशी अधिक जवळचे कोणते, हे वाचकांनीच दोन्ही नावे मोठ्याने म्हणून पाहावे. बरे, जर्मन नावाचे आद्याक्षर तरी सनातन असावे? 1919 पर्यंत ते गाव आपले नाव सरकारदरबारी 'सी'ने लिहीत होते, 'के' त्यानंतरचा. आणि खुद्द गावकरी आपल्या बोलीत म्हणतात 'क्योल्ले'. म्युनिकच्या आसपासचे बव्हेरियन लोक म्हणतात 'मिंगा'. अस्सलच हवे, तर मंडळींनी 'मिंगा' म्हणावे. पण मग समजणार कुणाला?

आपल्या घरी ताप चढला की कपाळावर कोलनवॉटरच्या पट्ट्या ठेवीत. ते कोलनवॉटर याच गावचे. अठराव्या शतकाच्या आरंभी योहान मारिया फारिना नावाच्या इटालियन गृहस्थाने तिथे एक सुगंधी पाणी तयार केले. जर्मन गावात, इटालियन माणसाने, फ्रेंच नाव दिले, आणि त्या नावावर गावाने जगभर कीर्ती मिळवली.

जर्मन स्वतः तरी काय करतात? इटालियनांच्या मिलानोला ते 'माइलांड' म्हणतात, व्हेनेत्सियाला 'व्हेनेडिग'. इटालियन माणूस म्युनिकला 'मोनाको' म्हणून फेड करतो. आणि आपण? ग्वालियरला ग्वाल्हेर, वडोदऱ्याला बडोदे! कुणा ग्वाल्हेरकराने त्यासाठी मराठी माणसाचा गुण कापल्याचे ऐकिवात नाही.

"मग 1995 साली इंग्रजीतले 'बॉम्बे' बदलून 'मुंबई' का केलेत?" असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण इंग्रजी इथे परक्यांचीच भाषा उरलेली नाही. आपली कचेरी, आपले कोर्ट तीत चालते. आपल्या गावाचे आपल्याच कागदावरचे नाव आपण बदलले, यात गैर काय? कोलोनच्या नगरपालिकेचा कारभार इंग्रजीत चालत नाही, आणि तिथल्या कुणी अशी मागणीही आपल्या बाईंकडे केलेली नाही.

रुळलेले नाव कधी बदलतच नाही, असे मी म्हणत नाही. 1748 चा तह इंग्रजी पुस्तकांत 'एक्स-ला-शापेल'चा म्हणून सापडतो. त्याच गावाला आज इंग्रज 'आखेन' म्हणतो. 'रॅटिस्बन' जाऊन 'रेगेन्सबुर्ग' आले. भाषा बोलणाऱ्यांनीच ते हळूहळू टाकले. तांबड्या शाईची गरज पडली नाही. हानोव्हरचे तर इंग्रजीत दोन्ही चालते: 1714 साली इंग्लंडच्या गादीवर आलेले राजघराणे एका 'एन'चे, आणि 1947 पासून तिथे भरणारे औद्योगिक प्रदर्शन दोन 'एन'चे.

म्युनिकचे तसे काही झालेले नाही. 1938 चा करार इंग्रजीत म्युनिकचाच आहे, 1972 चे ऑलिंपिक म्युनिकचेच. आणि ज्या विमानतळावर उतरून आमची मंडळी 'म्युन्शेन' शिकून येतात, तो विमानतळ इंग्रजीत आपले नाव 'म्युनिक' असेच लिहितो.