नकार ऐकण्याचे शिक्षण कोण देणार?

१८ जून २०२४ रोजी सकाळी वसई पूर्वेच्या चिंचपाडा भागात एका तरुणीच्या डोक्यात लोखंडी पान्याचे घाव घालून भररस्त्यात तिचा खून करण्यात आला. अटक झाली ती तिच्या पूर्वीच्या मित्राला. तिने संबंध तोडले, ती आता दुसऱ्या कुणाशी बोलते, या संशयातून हा प्रकार घडला, असे पोलिसांनी सांगितले. रस्त्यावर माणसे होती, काहीजण मोबाईलवर चित्रण करत होते. ते चित्रण साऱ्या देशाने पाहिले. चार दिवस हळहळ व्यक्त झाली आणि वसई-विरार पुन्हा लोकलच्या वेळापत्रकाला लागले.

याच वसईतल्या आणखी एका तरुणीने नोव्हेंबर २०२० मध्ये नालासोपाऱ्याच्या तुळिंज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली होती. सोबत राहणारा तरुण मारहाण करतो, ठार मारून तुकडे करण्याची धमकी देतो, असे तिने स्वतःच्या हाताने लिहून दिले होते. डिसेंबरमध्ये तिने ती तक्रार मागे घेतली. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला आणि त्याच सोबत्यावर खुनाचा खटला उभा राहिला. तिचे नाव वाचकांना माहीत आहे, पुन्हा छापण्याची गरज नाही.

या दोन घटनांतून शासनाने काय धडा घेतला? १३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्र शासनाने ‘आंतरजातीय/आंतरधर्मीय विवाह-परिवार समन्वय समिती’ नेमली. कोणी जातीबाहेर, धर्माबाहेर लग्न केले याची माहिती घेण्याचे काम तिच्याकडे दिले. टीका झाल्यावर दोन-तीन दिवसांतच ‘आंतरजातीय’ हा शब्द गाळला, ‘आंतरधर्मीय’ तसाच ठेवला. हेच शासन आंतरजातीय विवाह करणाऱ्या जोडप्याला प्रोत्साहन म्हणून पन्नास हजार रुपये देत आले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या समितीमागची बुद्धी कळते. वसईच्या मुलीची तक्रार मारहाणीची होती. शासनाने मारहाण पाहिली नाही, मारणाऱ्याचा धर्म पाहिला. चिंचपाड्याच्या घटनेत धर्माचा प्रश्न नव्हता, म्हणून तिथे कोणतीही समिती नेमावीशी वाटली नाही!

आमचे म्हणणे सरळ आहे. या दोन्ही मुली आपल्याच शहरातल्या होत्या आणि त्यांच्यावर हात उगारणारे काही आकाशातून पडलेले नव्हते. तेही कोणत्या तरी शाळेत दहा-बारा वर्षे बसले होते. बेरीज-वजाबाकी शिकले, प्रतिज्ञा पाठ म्हटली. पण समोरची व्यक्ती ‘नाही’ म्हणाली तर ते ऐकायचे असते, हे त्यांना शाळेने कधी सांगितले? आणि पहिली थप्पड बसली तेव्हाच ‘हे प्रेम नव्हे’ असे ओळखायचे असते, हे त्या मुलींना कुठल्या इयत्तेत शिकवले?

असे शिक्षण देण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने आणि एड्स नियंत्रण संघटनेने २००५ च्या सुमारास किशोरवयीन मुलांसाठी शालेय कार्यक्रम आणला. २००७ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळात त्यावर गदारोळ झाला, संस्कृती बुडते अशी ओरड झाली आणि तेव्हाच्या सरकारने तो थांबवला. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणारे, स्वतःला पुरोगामी म्हणवणारे ते सरकार होते! २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळांत लैंगिक शिक्षण नको, अशीच शिफारस केली. आज नोकरी-संसारात असलेल्या एका संपूर्ण पिढीचे शालेय वय याच काळात सरले.

ज्यांना ही संस्कृतीबाहेरची गोष्ट वाटते त्यांनी आपल्याच प्रांताचा इतिहास पाहावा. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यात शास्त्रीय उत्तरे दिली, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. विषय लैंगिक आहे एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही, लोकांच्या मनात विकृत समज असतील तर ते ज्ञानानेच दूर होतील, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. कर्व्यांना दंड झाला, खटला हरला. परंतु आम्हा वकिली करणाऱ्यांना हा हरलेला खटला अनेक जिंकलेल्या खटल्यांपेक्षा मोठा वाटतो. पुढे नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला. सभागृहाने तोही फेटाळला. तेव्हा चळवळीतल्या कुणी ‘हे विषय आपले नव्हेत’ असे म्हणू लागला, तर त्याने बाबासाहेबांचे खंड पुन्हा उघडावेत.

असे म्हणणारे आपल्यात आहेत, हे आम्ही जाणतो. ‘आधी पोरांना फी भरून शिकवू द्या, नोकरीला लागू द्या, हे सुखवस्तूंचे चोचले,’ असे ते म्हणतात. प्रत्यक्षात या अज्ञानाची किंमत सर्वांत जास्त आपलीच मुले मोजतात. नालासोपाऱ्याच्या चाळींत आई पहाटेच्या लोकलने कामाला जाते, बाप वालीव-गोखिवऱ्याच्या कंपनीत बारा तास असतो. घरी पोर आणि मोबाईल. बरे-वाईट जे काही शिकवायचे ते मोबाईल शिकवतो आणि तिथे कोणी नकार ऐकताना दिसत नाही.

त्यातच कायदा कुणी समजावून सांगितलेला नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. तिची संमती ही कायद्याच्या दृष्टीने संमतीच नाही. सतरा वर्षांची मुलगी आणि एकोणीस वर्षांचा मुलगा दोघे आपखुशीने पळून गेले तरी मुलगा अपहरणाचा आणि बलात्काराचा आरोपी होतो. असे आई-बाप आमच्याकडे येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘साहेब, पोरगी तर स्वतःहून आली होती ना?’ हे त्यांना पोलीस ठाण्यात कळते. जामीन, वकील, तारखा यांत घर विकले जाते. याच कायद्याचे कलम ४३ म्हणते की, केंद्र व राज्य सरकारांनी या कायद्यातील तरतुदींची माहिती मुलांना, पालकांना आणि सर्वसामान्य जनतेला वेळोवेळी द्यावी. कायदा करणाऱ्यांनी हे कर्तव्य स्वतःवर घेतले आहे. ते पाळले असते तर यातले किती संसार वाचले असते?

दुसरी किंमत जातीची आहे आणि ती आरोग्याच्या कोणत्याही पुस्तकात छापलेली नसते. २८ एप्रिल २०१४ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा गावात सतरा वर्षांच्या आपल्या एका विद्यार्थ्याचा खून झाला. तथाकथित वरच्या जातीच्या मुलीशी तो बोलतो, एवढाच त्याच्यावरचा आळ. त्याला शाळेतून मारत नेण्यात आले होते. खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. ज्या देशात शाळेच्या आवारात मुलीशी बोलल्याबद्दल मुलाचा जीव जातो, तिथे ‘निरोगी नातेसंबंध’ हा धडा जात वगळून शिकवता येईल काय? बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलन’ लिहिताना आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय सांगितला. जोडीदार निवडण्याचे स्वातंत्र्य जातीला का खुपते, हे त्यात उघड होते. तेव्हा मुलांना मैत्री, निवड आणि नकार शिकवणे हा जातीच्या भिंतीला हात घालण्याचा प्रकार आहे. संस्कृतिरक्षकांचा विरोध एवढा कडवा का असतो, याचे उत्तर इथे आहे.

आणि बोट केवळ दुसऱ्याकडे दाखवून भागणार नाही. विहारात पंचशील ग्रहण करायचे आणि घरी येऊन बायकोवर हात उचलायचा, असे लोक आपल्या वस्तीत नाहीत काय? मुलगी वर्गातल्या मुलाशी बोलताना दिसली की तिची शाळा बंद करणारे बाप आपल्यात नाहीत काय? तथागतांनी सिगालोवाद सुत्तात पतीची पत्नीप्रती आणि पत्नीची पतीप्रती, अशी दोन्ही बाजूंची कर्तव्ये सांगितली. पतीने पत्नीचा सन्मान करावा, तिचा अवमान करू नये, हे त्यात पहिल्याने येते. वर्षावासात हे सुत्त वाचले जाते. त्यावर घरात बोलणे मात्र होत नाही.

आता शासन म्हणेल, आम्ही कार्यक्रम आणला आहे. तो आणला आहे, हे खरे. केंद्राने फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू केला. त्यात अकरा विषय आहेत. परस्परसंबंध, स्त्री-पुरुष समानता, भावनिक आरोग्य, हिंसेपासून सुरक्षितता, इंटरनेटचा सुरक्षित वापर हे सर्व त्यात येते. प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री, यासाठी तयार करायचे आहे. पुढच्याच महिन्यात टाळेबंदी लागली आणि शाळा बंद झाल्या. त्या उघडल्या तेव्हा बुडालेला अभ्यास, सर्वेक्षणे आणि निवडणुकीची कामे यांखाली शिक्षक दबले. बहुतेक ठिकाणी चित्र असे दिसते की, मुलींना वेगळ्या खोलीत बसवून पाळीबद्दल चार वाक्ये सांगितली जातात आणि तेवढा वेळ मुलांना मैदानावर सोडले जाते. ज्याला शिकवण्याची सर्वाधिक गरज, तोच नेमका वर्गाबाहेर!

न्यायालयांनी यावर स्पष्ट बोलून ठेवले आहे. बदलापूरच्या शाळेतील चिमुरड्यांवरील अत्याचारानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुलग्यांना लहानपणापासून शिकवण्याची गरज बोलून दाखवली. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लैंगिक शिक्षण ही पाश्चात्त्य कल्पना आहे, त्याने मुले बिघडतात, हे समज चुकीचे असल्याचे निकालपत्रात नोंदवले. आता कायद्याचा आधार मागायला कुठे जाण्याची गरज उरलेली नाही.

या तासाला काय शिकवावे? मुलगे-मुली एकत्र बसवून शिकवावे. ‘नाही’ कसे म्हणावे आणि ते कसे ऐकावे, याचा सराव करून घ्यावा. गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे, एकदा दिलेला होकार मागे घेता येतो, हे सांगावे. मोबाईल तपासणे, मैत्रिणींशी बोलायला बंदी घालणे, ‘मला सोडलेस तर जीव देईन’ म्हणून धमकावणे ही प्रेमाची लक्षणे नसून ताब्यात ठेवण्याची आहेत, हे उदाहरणांनी दाखवावे. फोटो पसरवण्याची धमकी आली तर लाजून गप्प न बसता मोठ्या माणसाला सांगावे. बालकांसाठी १०९८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक भिंतीवर रंगवावेत. मुलीचा पाठलाग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, हे मुलग्यांना दहावीच्या आत ठाऊक असावे. रस्त्यावर कुणाला मार बसत असेल तर चित्रण करण्याआधी ओरडावे, माणसे गोळा करावी, पोलिसांना फोन करावा. चिंचपाड्याचा हा धडा वसईच्या प्रत्येक शाळेत शिकवला गेला पाहिजे. आणि मैत्रीला जात आडवी येते तेव्हा संविधान कुणाच्या बाजूने उभे आहे, हेही त्याच तासाला सांगावे.

हे घडवून आणण्याचे साधन आपल्या हाती आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान पाऊणशे टक्के, म्हणजे शंभरात पंचाहत्तर सदस्य पालक असावे लागतात, वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणशीर जागा द्याव्या लागतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. या जागा बहुधा कागदावर भरल्या जातात. वसई-विरारमधल्या प्रत्येक वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी, विशेषतः महिला मंडळांनी, येत्या बैठकीला जाऊन तीन प्रश्न लेखी विचारावेत. या शाळेतले ते दोन प्रशिक्षित शिक्षक कोण? हा तास कोणत्या दिवशी होतो? त्या तासाला मुलगे वर्गात असतात की मैदानावर? उत्तर मिळाले नाही तर तोच अर्ज पालघरला जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. मोर्चासाठी आपण शेकडोंनी जमतो. या कामाला प्रत्येक शाळेमागे दोन पालक पुरेसे आहेत.