‘नटसम्राट’चा शेवट : रंगमंच आणि पडदा

नाट्यकृतीच्या माध्यमांतराची चर्चा बहुधा वगळलेल्या व वाढवलेल्या प्रसंगांपाशी थांबते. संहितेतील शब्द कायम ठेवूनही शेवट बदलू शकतो, हा मुद्दा मात्र दुर्लक्षित राहतो. नाशिककर वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ २३ डिसेंबर १९७० रोजी गोवा हिंदु असोसिएशनने श्रीराम लागूंसह रंगमंचावर आणले. महेश मांजरेकरांचा चित्रपट १ जानेवारी २०१६ रोजी आला आणि पुढे दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोचला. आजच्या विद्यार्थ्याला या नाटकाचा शेवट परिचित असतो तो मुख्यतः पडद्यावरचा.

या शेवटाचा पूर्वज शेक्सपिअरचा ‘किंग लिअर’ होय. नेहम टेटने १६८१ मध्ये कॉर्डेलियाला जिवंत ठेवून ही शोकांतिका सुखान्त केली. मॅक्रेडीने १८३८ मध्ये शेक्सपिअरची मूळ संहिता रंगभूमीवर परत आणली. तो बदल उघड होता. कॅमेऱ्याने होणारा बदल मात्र सूक्ष्म असतो. तो शब्दांना हात लावत नाही, केवळ अंतर बदलतो.

‘लिअर’ला हे अंतर मिटलेले सोसते. १९८३ च्या ग्रॅनाडा दूरचित्रवाणीच्या प्रयोगात ऑलिव्हिएचा वृद्ध लिअर मृत मुलीवर झुकतो तेव्हा त्याचा चेहरा निकट येणे उचितच ठरते. त्याचे दुःख दुसऱ्याच्या मरणाचे आहे. बेलवलकरांची मुलगी जिवंत आहे, कावेरी आधीच गेलेली आहे. अखेरीस त्यांच्यापाशी उरतात त्या केवळ भूमिका : सीझर, ऑथेल्लो, सुधाकर. नाट्यगृहात या भूमिका बेलवलकरांइतक्याच खऱ्या असतात, कारण त्या जिथे जगल्या तोच रंगमंच समोर असतो आणि प्रेक्षक त्यांचा साक्षीदार असतो. निकटच्या दृश्यात मात्र आजारी वृद्धाचा चेहराच सारा पडदा व्यापतो आणि भूमिका भ्रमिष्टाची बडबड वाटू लागतात. नटाचे मरण बापाचे मरण होऊन बसते.

हा नाना पाटेकरांच्या अभिनयाचा दोष नव्हे; नाट्यगृहापासून दूर राहिलेल्या असंख्यांपर्यंत चित्रपटाने हे नाटक नेले, हेही मान्य केले पाहिजे. तथापि ‘नटसम्राट’ कृतघ्न मुलांची कथा म्हणून शिकवले जाऊ लागले, तर शीर्षकातील शब्दच निरर्थक ठरेल. म्हणून अध्यापकाने चित्रपट अवश्य दाखवावा. परंतु अखेरचा प्रवेश वर्गात, उभे राहून, मोठ्याने वाचून घ्यावा. ऐकणारे समोर असले की तो पुन्हा नटाचा होतो.