गंज आणि घसारा

जगात सल्ला देणाऱ्यांच्या दोन जाती आहेत. एक म्हणते, ‘फेकून द्या.’ दुसरी म्हणते, ‘आत खडी टाका आणि हलवा.’ गेल्या वैशाखात या दोन्ही जातींशी माझी एकदमच गाठ पडली, आणि तेव्हापासून मी ओळखीच्या माणसांना पाहून रस्ता ओलांडतो.

निमित्त स्कूटरचं. आमच्या बाबांनी चेतक बुक केली तेव्हा मी जन्माला यायचा होतो. ती १९८४ साली दारात आली तेव्हा मी पुढच्या फळीवर उभं राहून हॅण्डल धरण्याएवढा झालो होतो. त्या काळात स्कूटरपेक्षा मूल लवकर मिळायचं. मी त्याचा जिवंत पुरावा आहे. राणा प्रतापाचा चेतक ओढा ओलांडून पडला म्हणतात. आमच्या चेतकने मला शाळा ओलांडून दिली, ताईला सासरी पोचवलं आणि आईला दर मंगळवारी टेकडीच्या गणपतीला नेलं. २०२० च्या टाळेबंदीत ती अंगणात उभी राहिली, ती राहिलीच. माझा आळस, दुसरं काही नाही. टाकी अर्धी भरलेली होती, आणि अर्धी रिकामी टाकी म्हणजे गंजाला दिलेलं आमंत्रण. रिकाम्या जागेत हवा, हवेत ओल, रात्री ओलीचं पाणी होऊन पेट्रोलखाली जाऊन बसतं. पेट्रोल हलकं, पाणी जड. तळाचं लोखंड सहा वर्षं त्या पाण्यात पाय सोडून बसलं होतं.

बाबा आता ऐंशीला टेकलेत. बाहेर फारसे जात नाहीत, पण रोज संध्याकाळी ओसरीवर खुर्ची टाकून विचारतात, ‘‘गाडी कधी करतोस?’’ शेवटी एका रविवारी प्लग बदलला, ती तिरपी केली, बारा किका मारल्या, आणि चालू झाली की हो! सोमवारी ऐटीत बँकेत निघालो. लोहापुलाखाली बंद पडली. लोखंडाला लोखंडाची ओढ असते, दुसरं काय म्हणायचं. ढकलत नेली तेव्हा मेकॅनिकने झाकण काढून आत बॅटरी मारली. आत कुंकवाचा करंडा सांडल्यासारखं लालभडक. कार्बोरेटरच्या जेटचं भोक टाचणीच्या टोकाएवढं. त्यात गंजाचा एक कण बसला की खेळ खलास.

‘‘टाकी सडली जी साहेब. दुसरी टाकून देतो ना.’’

‘‘साफ नाही होणार?’’

‘‘काहून एवढी मेहनत करून राह्यले? गाडीच विकून टाका ना जी भंगारात.’’

हीच ती पहिली जात. ऑफिसात गेलो तर तिथे तिचं संमेलनच भरलं होतं. कॅशवाला म्हणाला, फेका. लोनवाल्याने तर नव्या गाडीचा फॉर्मच पुढे केला, हप्त्याचा आकडा पेन्सिलने लिहून. बरं, चेतक हवीच असेल तर २०२० पासून विजेवरची मिळते. नाव तेच, आवाज तेवढा नाही. पण बाबांना नेमका आवाजच हवाय, हे कर्जाच्या फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात लिहू?

मी कॉमर्सचा पदवीधर आहे. घसारा हा विषय मी दोनदा शिकलो, कारण पहिल्यांदा नापास झालो होतो. सरळ रेषा पद्धत, घटत्या बाकीची पद्धत, आणि शेवटी वस्तू वहीत एक रुपयावर आणून ठेवायची. घसाऱ्याबद्दल माझी तक्रार एवढीच, की तो बसून काढतात. कोणी गाडीपाशी जाऊन बघत नाही. गंज निदान प्रामाणिक आहे. जिथे पाणी आहे तिथेच चढतो. घसारा कोरड्या कपाटातल्या वस्तूलाही खातो, आणि मग त्या आकड्याकडे बोट दाखवून माणसं म्हणतात, ‘हिची किंमत काय आता!’ भंगारवाल्याने सांगितली ना किंमत. किलोवर.

सरकारचा हिशेबही ऐका. दुचाकीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाचे २०२२ पूर्वी तीनशे रुपये लागत, त्या वर्षी हजार झाले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकीला दोन हजार. म्हणजे गाडीची किंमत उतरत जाते आणि ती ठेवून घेण्याची किंमत चढत जाते. असा ताळेबंद आम्हाला कुठल्याच वर्षाला नव्हता. पण धुराबद्दल मी वाद घालणार नाही. टू-स्ट्रोकचा निळा धूर खोटा नाही, अर्धवट जळालेलं तेल बाहेर पडतंच. रोज तीस किलोमीटर फिरवायची म्हणालो असतो तर तुम्ही मला दगड मारावेत. आठवड्यातून एकदा बाबांना फुटाळ्यापर्यंत नेऊन आणायचं, एवढाच गुन्हा करायचा आहे.

आता दुसरी जात. ही पहिलीपेक्षा भयंकर, कारण हिला उत्साह असतो. ‘खडी टाका, हलवा.’ खडी टाकणं सोपं आहे हो, बाहेर कोण काढणार? शेजारच्या काकांनी त्यांच्या तरुणपणी मोटारसायकलच्या टाकीत टाकलेली खडी अजून खुळखुळते म्हणतात. नट-बोल्ट टाकले तर निदान मोजून टाकता येतात, मोजून काढता येतात. इथे कारकुनी कामाला येते. या जातीचा एक उपपंथ ॲसिडचा आहे. संडास धुण्याचं ॲसिड ओता, पाच मिनिटांत टाकी चकाचक! चकाचक होते हे खरं. पण ते ॲसिड गंज कुठे संपला आणि पत्रा कुठे सुरू झाला हे विचारत बसत नाही. चाळीस वर्षांचा पत्रा आधीच पातळ. धुऊन झाल्यावर टाकीतून चांदणं दिसायचं.

मला हवा होता सावकाश काम करणारा माणूस, म्हणजे सरकारी खात्यातला. तो इतवारीच्या किराणा ओळीत सापडला: लिंबूसत्त्व, अर्थात सायट्रिक ॲसिड. दोनशे ग्रॅम, चार लिटर कोमट पाणी. मेकॅनिकला सांगितलं तर म्हणाला, ‘‘मंग संत्रेच पिळा ना जी, आपल्या नागपुरात काय कमी आहेत?’’ मी ऐकून घेतलं. सीट काढली, टाकी उतरवली, जुनं पेट्रोल काढून दोन दिवस टाकी उघडी वाऱ्यावर ठेवली. पेट्रोलचा कॉक काढून भोकाला रबरी बूच लावलं. आधी साखळीचा तुकडा घालून टाकी हलवली (साखळीचं एक टोक हातात ठेवायचं, म्हणजे ती खडीच्या वाटेने जात नाही), मग लिंबूपाणी भरून रात्रभर ठेवलं. सकाळी बाहेर आलं ते पाणी उसाच्या शिळ्या रसासारखं होतं. तिसऱ्या रात्रीनंतर आत राखाडी पत्रा दिसला. १९८४ चा पत्रा! मी बाबांना बोलावून दाखवला. त्यांनी चष्मा वर करून आत पाहिलं आणि म्हणाले, ‘‘हं.’’

खरी परीक्षा पुढे असते आणि तिथेच माणसं हरतात. धुतलेलं कोरं लोखंड अर्ध्या तासात पुन्हा लाल होतं. म्हणून लगेच खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं, म्हणजे उरलेलं आम्ल मरतं, मग साध्या पाण्याने, आणि ताबडतोब वाळवायचं. इथे नागपूरचा वैशाख कामी आला. ज्या उन्हाला आपण जन्मभर शिव्या देतो त्याने दहा मिनिटांत टाकी तव्यासारखी कोरडी केली. उरलेल्या कानाकोपऱ्यांसाठी सौ.चा केस वाळवायचा पंखा घेतला. त्याबद्दल घरात जे बोलणं झालं ते या लेखाच्या विषयाबाहेरचं आहे. मग आत टू-स्ट्रोकचं तेल घोळवलं. या जुन्या गाड्यांचं पेट्रोल तेल मिसळूनच भरतात, तेवढा त्यांना आपोआप अंगाला तेल लावून घ्यायचा लाभ.

आणि आता टाकी पूर्ण भरून ठेवतो, नाहीतर कोरडी. पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल आलं आहे. आधी हे २०३० सालासाठी ठरलं होतं, ते २०२५ वर आणलं. उसाला, मक्याला भाव येतो, परदेशी तेल कमी लागतं, मला मान्य आहे. पण इथेनॉलला पाण्याची ओढ आहे. ते हवेतली ओल पितं, आणि फार झाली की पाण्यासकट पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी जाऊन बसतं. नव्या गाड्या त्यासाठी घडवलेल्या. माझ्या चेतकला १९८४ साली हे कोणी कळवलं नव्हतं. तेव्हा उभ्या गाडीत जुनं पेट्रोल ठेवायचं नाही. ‘पुढच्या रविवारी बघू’ म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. मी सहा वर्षं म्हणत होतो.

टाकी बसवली, कॉक उघडला, चौथ्या किकेला इंजिन लागलं. अंगणभर निळा धूर. सौ. खिडकी लावायला धावली. मी विजयी मुद्रेने ओसरीकडे पाहिलं.

‘‘चोक बंद कर आधी,’’ बाबा म्हणाले, आणि चपला शोधू लागले.