६२ च्या पुढे टेस्ट केलेलं नाही

मागे एकदा आमच्या एका जुन्या सिस्टीमच्या कॉन्फिग फाइलमध्ये एक आकडा सापडला. एका वेळी जास्तीत जास्त ५०० रेकॉर्ड. ५०० च का? कोणालाच माहीत नाही. लिहिणारा माणूस केव्हाच कंपनी सोडून गेलेला. शेजारी फक्त एक कॉमेंट होती: याच्या पुढे टेस्ट केलेलं नाही.

क्लायंटला स्पीड हवा होता. आम्ही ५०० चे २००० केले. पाच महिने सगळं मस्त चाललं. टीमला शाबासकी, पिझ्झा वगैरे. मग एका रात्री मुख्य सर्व्हर बसला, बॅकअपने काम हातात घेतलं आणि २००० च्या ओझ्याखाली दोन मिनिटांत तोही झोपला. पहाटे तीनला लीडने फोनवर विचारलं, "अरे, बॅकअपवर टेस्ट केलं होतंस ना?" मी गप्प. तो बदल मीच केला होता :-(

हे आज आठवायचं कारण म्हणजे सध्या अमेरिकेत असाच एक आकडा वाढवायचं घाटतं आहे. तो आकडा आहे ६२. फक्त तो कॉन्फिग फाइलमधला नाही, अणुभट्टीतला आहे.

थोडं सोपं करून सांगतो. अणुभट्टीचं इंधन म्हणजे जेमतेम एक सेंटीमीटरच्या युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्या. त्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या साधारण चार मीटर लांब, बारीक नळीत एकावर एक रचतात. अशी भरलेली नळी म्हणजे एक कांडी. एक टन युरेनियममधून किती उष्णता काढली त्याचं माप म्हणजे बर्नअप, आणि ते मोजतात गिगावॅट-दिवसांत. ५० गिगावॅट-दिवस म्हणजे एका टनातून साधारण ४० कोटी युनिट वीज. गाडीच्या अ‍ॅव्हरेजसारखंच, पण एक फरक आहे: इथे जास्त अ‍ॅव्हरेज काढाल तसं इंधनच आतून बदलत जातं.

अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाने, म्हणजे एनआरसीने, आजवर कुठल्याही एका कांडीच्या सरासरीला ६२ ची मर्यादा ठेवलेली आहे. कंपन्यांना ती ७५ च्या आसपास न्यायची आहे. त्यासाठी युरेनियमची एनरिचमेंटही नेहमीच्या ५ टक्क्यांच्या वर लागते. २०२२ मध्ये आयोगाने या वाढीव एनरिचमेंटसाठी नियम बदलायचं काम सुरू करायला मंजुरी दिली. २०२३ मध्ये जॉर्जियातल्या व्होग्टल केंद्राच्या दुसऱ्या अणुभट्टीत ६ टक्क्यांपर्यंतच्या चाचणी कांड्या वापरायलाही परवानगी मिळाली.

आता कंपन्यांना हे का हवंय? सरळ हिशोब आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच अणुभट्ट्या दर १८ महिन्यांनी इंधन बदलायला बंद ठेवाव्या लागतात. बर्नअप वाढलं तर २४ महिने चालतील. बंदचे दिवस कमी, वीज जास्त, इंधनाचे जुडगे कमी लागतील. यात मला वावगं काही दिसत नाही. कोळसा न जाळता मिळणारी वीज वाढत असेल तर चांगलंच आहे.

"कचरा कमी होईल" हा प्रचार मात्र अर्धाच खरा आहे. जुडगे कमी होतील, हे बरोबर. पण तेवढ्याच विजेसाठी अणू तेवढेच फुटणार, म्हणजे विखंडनातून तयार होणारी किरणोत्सारी द्रव्यंही जवळजवळ तेवढीच राहणार. ती कमी जुडग्यांत जास्त दाटीने बसतील, आणि प्रत्येक जुडगा जास्त गरम, जास्त काळ पाण्यात ठेवायला लागणारा. डबे कमी झाले, जेवण तेवढंच!

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे.

जास्त बर्नअपचं इंधन रोजच्या चालण्यात व्यवस्थित वागतं. अडचण येते ती अपघातात. बर्नअप वाढतं तसं गोळीच्या कडेला प्लुटोनियम जमून तिथे जास्त अणू फुटतात. तिथले मूळचे कण तुटून अतिसूक्ष्म होतात आणि मध्ये झेनॉन, क्रिप्टॉन वायूंचे बुडबुडे कोंडून राहतात. बाहेरची नळी पाण्यात गंजते, हायड्रोजन शोषते, ठिसूळ होते. अशात थंड करणारं पाणी अचानक निघून गेलं तर नळी तापून फुग्यासारखी फुगते आणि फुटू शकते. आतल्या गोळ्यांचा वाळूसारखा चुरा झालेला असेल तर तो त्या भोकातून बाहेर पडतो.

हे काल्पनिक नाही. नॉर्वेतल्या हाल्डेनच्या संशोधन अणुभट्टीत २००६ मध्ये ९२ बर्नअपच्या कांडीवर असा प्रयोग केला, तेव्हा इंधनाचा अक्षरशः भुगा झाला होता. त्याआधी १९९३ मध्ये फ्रान्सच्या काब्री अणुभट्टीत ६४ बर्नअपची एक कांडी, शक्तीचा अचानक झटका दिल्यावर, अपेक्षेपेक्षा फारच कमी ऊर्जेला फुटली. त्या एका चाचणीवर पुढे बराच वाद झाला, पण जुने निकष पुन्हा तपासायला हवेत हे सगळ्यांना कळलं. २०२१ मध्ये एनआरसीच्याच संशोधन विभागाने सगळ्या चाचण्यांचा आढावा घेऊन म्हटलं की गोळीची सरासरी ५५ च्या पुढे गेली की बारीक चुरा होण्याची शक्यता धरायला हवी. म्हणजे आजच्या ६२ च्या मर्यादेतल्याही बऱ्याच गोळ्या त्या रेषेच्या पलीकडे आहेत.

थोडक्यात काय, तर ६२ हा निसर्गाचा नियम नाही. तो "याच्या पुढे टेस्ट केलेलं नाही" अशी कॉमेंट आहे. म्हणून तो बदलू नये असं मी म्हणत नाही. बदलावा. पण कॉमेंट खोडायचा मान्य रस्ता एकच, टेस्ट करणं. आणि ती बॅकअपवर करणं, म्हणजे अपघाताच्या परिस्थितीत. "इतकी वर्षं चाललंय की" हा पुरावा नाही. आमचेही पाच महिने चाललंच होतं.

दुसऱ्या बाजूचंही ऐकायला हवं. जुन्या कांड्यांची शक्ती कमी झालेली असते, त्यामुळे अपघातात त्या कमी तापतात आणि कदाचित फुटणारच नाहीत, हा मुद्दा दमदार आहे. दुसरा युक्तिवाद असा की मोठा पाइप एकदम तुटत नाही. आधी गळतो, आणि गळती दिसली की अणुभट्टी बंद करता येते. हाही तर्क वाईट नाही. फक्त त्यात एक मेख आहे. इंधनाचा भरवसा आता इंधनावर न राहता पाइपच्या तपासणीवर गेला. मग ती तपासणी पुढची चाळीस वर्षं तेवढ्याच काटेकोरपणे होईल ना, हे विचारायचा हक्क लोकांना आहे.

आणि मला सगळ्यात खटकतं ते हे: जिथे हे प्रयोग होत होते ती हाल्डेनची अणुभट्टी २०१८ मध्ये कायमची बंद झाली. कित्येक दशकं चालू होती. आयडाहोतली ट्रीट अणुभट्टी २०१७ मध्ये पुन्हा सुरू केली, हे चांगलं झालं. पण हाल्डेनसारखी वर्षानुवर्षं इंधन आत ठेवून मोजमाप करणारी जागा सहज उभी राहत नाही. रिलीजची घाई आणि टेस्ट सर्व्हर बंद! असं आमच्या हापिसातही झालं असतं तर निदान क्यूएवाल्यांनी आरडाओरडा केला असता.

"आपल्याला काय त्याचं?" असं म्हणाल, तर आपल्या बहुतेक अणुभट्ट्या, तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्यासकट, जड पाण्याच्या आहेत. त्यांचं बर्नअप साधारण ७, आणि इंधन अणुभट्टी चालू असतानाच बदलतात. त्यामुळे ही घाई तिथे नाही. पण कुडनकुलमसाठी २०२२ मध्ये रशियाकडून नवीन प्रकारचं इंधन आलं ते १२ ऐवजी १८ महिने चालवण्यासाठीच. जैतापूरला ज्या फ्रेंच अणुभट्ट्यांचा प्रस्ताव आहे त्याही याच जातीच्या. उद्या हा आकडा आपल्याही दारात येणार.

तेव्हा "अणुऊर्जा हवी की नको" या नेहमीच्या भांडणात पडण्याऐवजी आपण एकच साधा प्रश्न विचारू या: आकडा वाढवताय ना, मग बॅकअपवर टेस्ट केलंय का?

त्या रात्री मला हा प्रश्न पहाटे तीनला ऐकायला लागला होता. तो आधी, दिवसाउजेडी विचारलेला बरा.